इशबेलच्या टीममधला डावा कोपरा

मी खडकी सोडली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. फॅक्टरीची सकाळची पाळी नुकतीच सुटली होती आणि सायकली, स्कूटरी आमच्या गल्लीत घरी परतत होत्या. माझी टॅक्सी मात्र बाहेरच्या दिशेला तोंड करून उभी. येणारा प्रत्येक जण पाय टेकून थांबायचा आणि विचारायचा, "निघाली का वैशाली?" मी प्रत्येकाला सांगायचे, "हो, निघाले." असं वीस-पंचवीस जणांना सांगून झाल्यावर निघणं जरा सोपं झालं. तोंडाला सवय होते.

आईने बॅगेत शेंगदाण्याची चटणी, येसर आणि सुकट भरली होती. "तिकडं कुणी उघडून बघितलं तर सांग, घरचं आहे," ती म्हणाली. ऑकलंडच्या विमानतळावर खरंच उघडून बघितलं. मी खरंच सांगितलं, घरचं आहे म्हणून. त्या बाईने सुकटीचा वास घेतला, दुसऱ्या बाईला बोलावून तिलाही दिला, मग दोघींनी माझ्याकडे दयेने बघितलं आणि सुकट ठेवून घेतली. चटणी आणि येसर सुटले.

अण्णा मुंबईपर्यंत सोडायला आले नाहीत. संध्याकाळी मंडळाचा सराव होता आणि माझे वडील पोरगी परदेशी चालली म्हणून सराव बुडवणारे नव्हेत. फॅक्टरीत ते फिटर होते. उरलेल्या वेळात मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक होते, म्हणजे खरं तर उरलेल्या वेळात फिटर होते. गळ्यात शिट्टी होतीच. टॅक्सीच्या खिडकीशी वाकले आणि मॅचच्या आधी, दहावीच्या परीक्षेच्या आधी, नोकरीच्या मुलाखतीच्या आधी जे म्हणाले होते तेच म्हणाले, "शिट्टी होईपर्यंत सोडायचं नाही." मग वळले आणि मैदानाकडे चालू लागले.

मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख हवा असं तुम्ही कळवलंत. विषयही दिलात, 'सातासमुद्रापार चमकलेली आपली खेळाडू.' तुमच्या प्रेमापुढे बोलायची सोय नाही, पण मी काही चमकलेबिमकले नाही. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआ नावाच्या गावात एका प्रयोगशाळेत मी मातीचे नमुने तपासते, घराचा पाया कुठे धरेल आणि कुठे खचेल ते सांगते. संध्याकाळी बायकांच्या एका रग्बी टीमला पकड शिकवायचे. त्या टीमची कोच इशबेल आता इथे नाही, आणि ती नाही याला कारण मी आहे. लिहायचंच तर मी तेच लिहीन. छापायचं की नाही ते तुम्ही बघा.

जे खडकीतच राहिले त्यांना वाटतं, आम्ही निघालो त्या दिवशी अवघड होतं. जे माझ्यासारखे निघाले त्यांना ठाऊक आहे की त्या दिवशी काहीच अवघड नव्हतं. अवघड होता तो त्यानंतरचा पाचवा-सहावा रविवार. पोरिरुआत रविवारी दुपारी वारा आणि मी, एवढेच रस्त्यावर असायचो. कोपऱ्यावरच्या डेअरीत जायचे. इकडे वाण्याच्या दुकानाला डेअरी म्हणतात, आणि पहिल्या दिवशी मी तिथे खवा मागितला होता. डेअरीवाल्याशी दोन वाक्यं बोलता यावीत म्हणून रोज एकच वस्तू घ्यायची. आज दूध, उद्या अंडी. एकदम सगळं घेतलं तर आठवडाभर कुणाशी बोलणार?

शेजारच्या वेलिंग्टनला मराठी माणसं आहेत, नाही असं नाही. चांगली माणसं आहेत, डबे भरून देतात. मी पहिल्या वर्षी त्यांच्या दिवाळीला गेले. एका वहिनींनी कौतुकाने विचारलं, "पुण्यात कुठे?" खडकी म्हटलं. "आणि आडनाव काय म्हणालात?" कांबळे म्हटलं. त्या "हो का, छान छान" म्हणाल्या आणि चकल्यांची ताटली माझ्या हातात देऊन दुसऱ्या टेबलावर गेल्या. कुणी काही वाईट बोललं नाही. चकल्याही खुसखुशीत होत्या. पण घरी येताना गाडीत मला एवढं एकटं वाटलं की मी रेडिओवरच्या बाईला मोठ्याने उत्तरं देत बसले. चौदा एप्रिलला आमची पाच-सहा कुटुंबं एका हॉलमध्ये जमतात, तेवढा एक दिवस बरा जातो. उरलेले दिवस उरतात.

पाचव्या वर्षी अशाच एका रविवारी डबा घेऊन मी बागेशेजारच्या मैदानावर बसले होते. समोर बायकांचा रग्बीचा सराव चालला होता. मला तेव्हा रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. एवढंच दिसत होतं की चेंडू घेऊन पळणाऱ्या बाईला बाकीच्या अडवतात, आणि चुकीचं अडवतात. खांद्याला लोंबकळत होत्या. ज्या बाईला अडवायचं ती लोसा, सामोआ बेटांवरची, आडवी-उभी सारखीच, तीन जणींना अंगावर घेऊन चालत होती. चौथ्यांदा तेच झालं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं घोटा! घोटा धर ना!"

मराठीत, आणि अण्णांच्या आवाजात. सगळं मैदान थांबलं.

मैदानाच्या कडेने एक उंच, पांढऱ्या केसांची बाई लंगडत आली. गुडघ्याला पट्टा, नाक दोनदा मोडून दोन्ही वेळा वेगवेगळ्या बाजूला जुळलेलं. मी माफी मागायला उठले तर ती म्हणाली, "काय ओरडलीस ते सांगू नकोस. करून दाखव."

मी जँडल्स काढल्या. जँडल्स म्हणजे आपली स्लीपर. लोसा हसत हसत धावत आली, मी डाव्या बाजूने खाली बसले, तिचा घोटा दोन्ही हातांत धरला आणि अंग मागे टाकलं. लोसा अशी आडवी झाली की मलाच धक्का बसला. तेरा वर्षांनी हात तिथेच गेले होते. मंडळात मी डावा कोपरा खेळायचे; चढाई करणारीचा पाय मागे राहिला की तो माझा. ज्यांनी कबड्डी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, घोटा धरला की मग दुसरं काही करायचं नसतं. धरून राहायचं. ती मधल्या रेषेकडे सरपटते, लाथा मारते, तुम्हाला ओढत नेते, तिचं बोट रेषेला लागलं तर तुम्ही बाद. म्हणून पंचांची शिट्टी होईपर्यंत सोडायचं नाही.

त्या उंच बाईने खाली वाकून माझे हात लोसाच्या पायावरून सोडवले. "सुंदर," ती म्हणाली. "फक्त इकडे तिला पाडलं की लगेच सोडायचं असतं. नाहीतर पेनल्टी. गुरुवारी सहाला येतेस?"

ती इशबेल. सगळ्या टीमने तिचं नाव तोडून इश केलं होतं, आणि बलदंड बायका मैदानभर "इश! इश!" म्हणत धावायच्या तेव्हा मला एकटीलाच हसू यायचं आणि ते सांगायला शेजारी कुणी नसायचं.

तिची कथा मी तुकड्या-तुकड्यांत ऐकली. दक्षिण स्कॉटलंडमधल्या एका छोट्या गावची, लोकरीच्या गिरणीत काम करणाऱ्या बापाची मुलगी. त्या गावात रग्बी म्हणजे आपल्याकडची कबड्डी. प्रत्येक घरात एक मोडलेलं बोट. पण मुलींनी खेळायची पद्धत नव्हती. ती भावांबरोबर खेळून शिकली आणि देशाच्या संघापर्यंत गेली. देशाचा संघ म्हणजे काय, तर जर्सी परत द्यायची असायची, बूट आपले, प्रवासाचा खर्च आपला, आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोस्टाची पत्रं वाटायला हजर. मग गुडघा गेला. एक हंगाम खेळायला म्हणून न्यूझीलंडला आली होती, तीही अर्धी फिट. तो हंगाम संपला, परतीचं तिकीट पुढे ढकललं, शाळेतल्या मुलींना शिकवायला लागली, मग क्लबच्या बायकांच्या टीमची कोच झाली. दिवसा कुरिअरची गाडी, संध्याकाळी मैदान. आम्ही भेटलो तेव्हा त्याला बावीस वर्षं झाली होती. "मी इथे राहायचं कधी ठरवलंच नाही," ती म्हणायची. "फक्त निघायचं राहून गेलं." हे वाक्य मी आईला फोनवर मराठीत सांगितलं तर आईने टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाली, "आणि तू?"

आमची शिकवायची रीत आपोआप ठरत गेली. मी ओरडायचे "पकड!" पोरी पाय धरून पाडायच्या. त्याच श्वासात मागून इशबेल ओरडायची "रिलीज!" पोरी हात सोडून उभ्या राहायच्या. पकड, रिलीज. पकड, रिलीज. अर्धा सराव मराठी, अर्धा स्कॉटिश, आणि करणाऱ्या सामोअन नाहीतर माओरी. दुसऱ्या क्लबच्या टीमना वाटायचं, आम्ही काहीतरी गुप्त भाषेत डावपेच लढवतोय. सहा वर्षं हे चाललं. या सहा वर्षांत मला रिलीज हा शब्द कधी उच्चारावा लागला नाही, कारण तो म्हणायला इशबेल होती.

शनिवारी सामना झाला की आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसायचो. ती जवाचं सूप करायची, मी येसर आमटी न्यायचे. ती आमटी प्यायची, घाम पुसायची आणि परत वाटी पुढे करायची. फार बोलायचो नाही. ती कधी तिच्या गावच्या नदीबद्दल सांगायची, मी कधी अण्णांबद्दल. आम्हा दोघींचंही तिथे दुसरं कुणी नव्हतं, आणि हे दोघींनाही माहीत होतं. अकरा वर्षांत मला या देशात एकच मैत्रीण मिळाली आणि ती माझ्या आईपेक्षा तीनच वर्षांनी लहान होती.

गेल्या हंगामात टीमचं बिनसलं. तीन चांगल्या खेळाडू ऑस्ट्रेलियाला गेल्या. आम्ही हरत गेलो आणि क्लबच्या कमिटीने इशबेलला बोलावून स्पष्ट सांगितलं की टीम खालच्या गटात गेली तर ती शेजारच्या क्लबच्या टीममध्ये मिसळून टाकू, आणि कोच त्यांचा राहील. इशबेल सूप ढवळत मला हे सांगत होती. तिने चमचा खाली ठेवला. "वैश," ती म्हणाली, "टीम नसेल तर मी या गावात कोण आहे? पार्सल आणणारी म्हातारी." तिला रडताना मी कधी पाहिलं नाही, तेव्हाही नाही. 

म्हणजे शेवटचा सामना जिंकायचा, एवढंच आता राहिलं होतं. जिंकलो तर इशबेल राहील, हरलो तर जाईल.

नेमका तेव्हाच तिचा गुडघा पुन्हा गेला आणि ऑपरेशन करावं लागलं. सामन्याला सहा आठवडे होते, मधे दुसरा सामना नव्हता. ते सहाही आठवडे ती घरी, पाय उशीवर ठेवून. सराव माझ्या एकटीकडे आला.

इथे मला नीट सांगायला हवं, कारण लेखातली हीच गोष्ट खरी. पहिले दोन-तीन दिवस मी दोन्ही शब्द ओरडले. पकड. रिलीज. मग दुसरा शब्द राहू लागला. विसरले म्हणावं तर तसंही नाही. त्या पोरी पाय धरून घट्ट राहायच्या, चिखलात ओढल्या जायच्या तरी सोडायच्या नाहीत, आणि ते बघून मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू. पोरिरुआच्या त्या वाऱ्यात मला खडकीचं मैदान दिसायचं. एका गुरुवारी लोसाने अशी पकड केली की मी नाचले आणि ओरडले, "शाब्बास! सोडू नको!" झालं. पोरींना नवा शब्द मिळाला. 'सोडू नको' ही आमच्या टीमची आरोळी झाली. त्या आपसात ओरडायच्या, बिअरचे सिक्स पॅक उचलतानासुद्धा ओरडायच्या. अकरा वर्षांत एवढी सुखी मी कधी नव्हते. इशबेल फोनवर विचारायची, "रिलीज करतायत ना?" मी म्हणायचे, "हीप्स," म्हणजे इकडच्या भाषेत भरपूर, "काळजी करू नकोस."

सामन्याच्या दिवशी ती कुबड्या घेऊन आली. पलीकडच्या रेषेजवळ घडीच्या खुर्चीवर बसली. पोरी जीव तोडून खेळल्या. शेवटच्या मिनिटाला आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. त्यांची एक चपळ मुलगी चेंडू घेऊन सुटली, सगळ्यांना चुकवत आमच्या बाजूला आली, आणि माझ्यापासून दहा पावलांवर लोसाने झेप घेऊन तिचा घोटा धरला. काय पकड होती! मंडळाच्या भिंतीवर फोटो लावावा अशी. ती मुलगी पडली. आता लोसाने हात सोडायचे होते. तिने क्षणभर सैल केलेही, मी पाहिलं ते. आणि मी ओरडले, "सोडू नको!"

लोसाने सोडलं नाही.

शिट्टी झाली, आमच्याविरुद्ध. पेनल्टीची किक आमच्या खांबांच्या बरोबर समोरून होती, तीन गुणांची, लहान मुलानेही मारली असती. एका गुणाने हरलो.

आता यातून कुणी जीवनाचं तत्त्वज्ञान काढू नका. धरून ठेवणं, सोडून देणं वगैरे. मला इथल्या दोन-तीन जणांनी ते ऐकवलं आहे आणि दर वेळी मला उठून जावंसं वाटलं आहे. रग्बीचा एक नियम आहे. तो मला माहीत होता. मी तो पाळला नाही, आणि त्याची शिक्षा दुसऱ्या कुणाला तरी झाली.

मंगळवारी संध्याकाळी कमिटी बसली. मला सहायक म्हणून बोलावलं होतं. चहा होता, बिस्किटं होती. अध्यक्षांनी अगदी सौम्यपणे विचारलं, "ही न सोडण्याची सवय टीमला कुठून लागली? शेवटचे सहा आठवडे सराव कोण घेत होतं?" इशबेलने माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघत थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "टीम माझी आहे. जे शिकवलं ते मी शिकवलं."

मी कप हातात धरून बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोलले नाही. का बोलले नाही ते मी स्वतःला शंभर वेळा विचारलं आहे. या देशात मला लोकांनी एकाच गोष्टीसाठी ओळखलं, पकडीसाठी. तीच चुकीची निघाली हे त्या टेबलावर म्हणायला जीभ उचलेना. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाव नाही. पुढे कधीतरी अध्यक्ष सहज बोलून गेले की ऑपरेशनमुळे सराव तिच्या हातात नव्हता हे कुणी बोललं असतं तर तिला अजून एक हंगाम देता आला असता. "तिनेच अंगावर घेतलं म्हटल्यावर आम्ही काय करणार?" मी "हो ना" म्हटलं. मी खरंच "हो ना" म्हटलं.

दोन महिन्यांनी इशबेल गेली. स्कॉटलंडला बहीण होती, तिच्याशेजारचं घर रिकामं होतं. अठ्ठावीस वर्षांचं सामान दोन बॅगांत बसलं. मीच तिला वेलिंग्टनच्या विमानतळावर सोडलं. पोरिरुआहून अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात सांगायचं, असं मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. पहिल्या सिग्नलला ठरवलं, समुद्र दिसला की सांगू. समुद्र दिसला. ती त्याच्याकडे बघत होती, मी गाडी चालवत होते. ती मिठ्या मारणारी बाई नाही. दारापाशी तिने माझा दंड एकदा घट्ट दाबला आणि कुबडी टेकत आत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. मी पार्किंगमध्ये तासभर बसून राहिले.

लोसा सरावाला यायची बंद झाली होती. ती पोरिरुआच्या एका सुपरमार्केटात भाज्यांच्या भागात काम करते. मी तिथे गेले आणि कोबीच्या ढिगापाशी उभी राहून तिला सांगितलं की चूक तुझी नव्हती, मी ओरडले होते. तिने कोबी रचायचं थांबवलं. "आय नो, मिस," ती म्हणाली. "मी ऐकलं होतं. पण पाय तर माझ्याच हातात होता ना." मग म्हणाली, "इशला सांगितलंस?" मी नाही म्हणून मान हलवली. ती पुन्हा कोबी रचायला लागली.

शनिवारी संध्याकाळी मी खडकीला फोन केला. तिकडे दुपार होती, अण्णांचं जेवण चाललं होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, कमिटीच्या चहाच्या कपापर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांनी रागवायला हवं होतं. मागून आई म्हणाली, "जेवू दे की त्यांना." अण्णांनी ताट बाजूला सरकवलं, एवढं मला ऐकू आलं.

"पोरगी बिचारी काय म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"लोसा?"

"ती नाही. तुझी प्रशिक्षक."

"तिला मी सांगितलं नाही अजून."

"मग मला कशाला फोन केलास?" अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला. सत्तरीच्या माणसाने पासष्ट वर्षांच्या बाईला पोरगी म्हटलं होतं, पण हसायची वेळ नव्हती.

रविवारी सकाळी मी इशबेलला फोन लावला. तिकडे शनिवारची संध्याकाळ होती. ती गेल्यापासून आमचं बोलणं व्हायचं, पण हवा आणि गुडघा यापलीकडे जायचं नाही. यावेळी मी तिला हवेबद्दल विचारलं नाही. लिहून ठेवलेलं वाचावं तसं एका दमात बोलले. सहा आठवडे मी रिलीज शिकवलं नाही. शेवटी ओरडले ती मी. कमिटीत गप्प बसले तीही मी. मला माफ कर.

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"वैश," ती म्हणाली, "मला मराठीत चार शब्द येतात. त्यातले दोन तेच आहेत. मी पलीकडच्या रेषेवर होते, बहिरी नव्हते."

"मग कमिटीत बोलली का नाहीस?"

"तू बोलतेस का ते बघत होते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला राग आला होता," ती म्हणाली. "अजून थोडा आहे. पण इथे तो करायला वेळ मिळत नाही." मग ती तिकडचं सांगायला लागली, पहिल्यांदाच. गावातल्या खाटकाने तिला विचारलं होतं, न्यूझीलंडमध्ये कुठल्या तुम्ही? त्याच्या बापाबरोबर ती शाळेत होती. तिचे उच्चार बदललेत म्हणे. क्लबमध्ये तिला सगळे किवी, म्हणजे न्यूझीलंडची, म्हणतात. तिने माओरीत किआ ओरा म्हणून नमस्कार केला तर बहीण चिडते. भिंतीवर तिच्या जुन्या संघाचा फोटो आहे, त्यातली ती कोणती हे तिला बोट ठेवून दाखवावं लागलं. आता दहा वर्षांच्या मुलींना शिकवते. "काल एकीने पाय धरला आणि मी काय ओरडले असेन?" मी विचारलं, काय? "पकड," ती म्हणाली. "पोरी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग रिलीजही मीच ओरडले. दोन्ही मलाच ओरडावं लागतं आता."

मी रडत होते. तिला कळलं असणार, पण ती सूप उतू जातंय म्हणून थोडा वेळ बाजूला झाली. परत आली तेव्हा तिचा आवाज मैदानावरचा होता.

"मागच्या बाजूला एक खोली रिकामी आहे," ती म्हणाली. "गार आहे, पण आहे. घरी कधी येतेस?"

आई दर फोनला हेच विचारते, अगदी ह्याच शब्दांत. मी दोघींनाही तेच उत्तर देते, बघू, सुट्टीचं जमवते. मग फोन ठेवते आणि माझ्या घरात दुसऱ्या खोलीत जाते. दिवा मीच लावते. जगात दोन माणसं मला घरी कधी येतेस म्हणून विचारतात, म्हणजे माझी दोन घरं आहेत. मी राहते ते त्यांपैकी एकही नाही.